कोरोना टेस्ट कधी, कुठली, कुठे करायची आणि घरच्या किटमध्ये नेमकं काय चुकतं: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ताप-खोकल्याची साथ आली की आपल्याकडे एक ठरलेला क्रम दिसतो, घसा खवखवला की त्याच संध्याकाळी मेडिकलमधून किट आणायचं, घाईत नाकात काडी फिरवायची, एकच लाइन दिसली की "निगेटिव्ह आहे" असा मेसेज टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी लोकल पकडून ऑफिस गाठायचं, मग चौथ्या दिवशी घरातले सगळे आडवे. यात किट खराब असतं असं फार कमी वेळा होतं, चुकतो तो क्रम. टेस्ट आधी होते आणि विचार नंतर. म्हणून खाली जसा क्रम दिलाय तसंच करा, मधला टप्पा गाळू नका.

आधी तयारी (कोणी आजारी नसताना)

थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आणि दोन सेल्फ टेस्ट किट घरात ठेवा. दोन का, ते टप्पा ६ मध्ये कळेल. घरात साठीच्या पुढचं माणूस किंवा शुगर, दमा, किडनी यापैकी काही असलेलं कोणी असेल तर ही तयारी नक्की करा.

किट कुठे ठेवताय याकडे लक्ष द्या. बहुतेक किट २ ते ३० डिग्री तापमानात ठेवायचे असतात आणि मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत तापमान किती जातं हे सांगायला नको. गॅसच्या शेजारचं शेल्फ नको, बाथरूमचं कपाट नको, गाडी तर अजिबात नको. बेडरूममधल्या कपाटाचा खालचा कप्पा चालेल. फ्रीजरमध्ये ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, पण पाऊच न फोडता.

एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, चालू गोळ्या आणि आधीचे आजार लिहून ठेवा आणि तो कागद थर्मामीटरच्या डब्यातच ठेवा, ताप चढलेला असताना गोळ्यांची नावं कोणालाच आठवत नाहीत.

टप्पा १: आधी तारीख लिहा

पहिलं लक्षण कधी सुरू झालं? घसा दुखणं, अंग मोडून येणं, ताप, नाक गळणं, जे पहिलं असेल त्याची तारीख आणि सकाळ की रात्र ते लिहा, तो तुमचा पहिला दिवस. पुढचं सगळं या तारखेवर ठरतं, किटवर किती भरवसा ठेवायचा ते, डॉक्टर कुठलं औषध देऊ शकतील ते, आणि डेंग्यूची कुठली टेस्ट करायची तेही.

लक्षण काहीच नाही पण पॉझिटिव्ह माणसाबरोबर जेवलात, एकाच गाडीतून प्रवास केलात, तर त्या भेटीची तारीख लिहा. भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट करून काही हाती लागत नाही, व्हायरस नाकात सापडण्याइतका वाढायला वेळ लागतो. करायची असेल (कोणी करावी ते टप्पा २ मध्ये आहे) तर साधारण पाचव्या दिवशी करा, मध्येच लक्षणं आली तर लगेच करा, आणि तोवर मास्क लावून वावरा.

थांबा: "परवापासून जरा बरं नव्हतं" ही तारीख झाली नाही. वार आठवून लिहा.

टप्पा २: कुठली टेस्ट ते ठरवा

तुमच्यासमोर खरं तर दोनच पर्याय आहेत. एक रॅपिड अँटिजेन, म्हणजे घरचं किट किंवा दवाखान्यात १५ मिनिटांत होणारी टेस्ट. ती व्हायरसचं प्रोटीन शोधते, त्यामुळे नाकात व्हायरस भरपूर असेल तेव्हाच पकडते, म्हणजे लक्षणांच्या पहिल्या ५ ते ७ दिवसांत. दुसरी आरटीपीसीआर, जी लॅबमध्ये व्हायरसचं जनुकीय द्रव्य कित्येक पटींनी वाढवून शोधते, म्हणून थोडा व्हायरस असला तरी सापडतो, पण रिपोर्टला साधारण एक-दोन दिवस जातात.

लक्षणं आहेत आणि पटकन कळायला हवं तर अँटिजेन. अँटिजेन निगेटिव्ह आली पण लक्षणं आहेत, किंवा माणूस वयस्कर आहे, गरोदर आहे, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, तर आरटीपीसीआर. यात अडकू नका.

रक्तातली अँटिबॉडी टेस्ट ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी कधी कोरोना झाला होता किंवा लस घेतली होती याचा माग ती दाखवते, आज ताप कशामुळे आहे हे तिच्यातून कळत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून लॅबच्या वेबसाइटवर लोक भलतीच टेस्ट बुक करतात आणि पैसे घालवून बसतात. छातीचा सीटी स्कॅन हीसुद्धा कोरोनाची टेस्ट नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका.

आणि टेस्टची गरजच नाही असेही बरेच असतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण माणसाला टेस्ट नको, आणि पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात आलेल्यांपैकी वय ६० च्या वर किंवा शुगर, बीपी, फुप्फुस-किडनीचा जुना आजार, कॅन्सर, लठ्ठपणा असलेल्यांनीच करावी. त्याच सूचनेत आणखी एक गोष्ट आहे जी प्रत्येकाला माहीत हवी, टेस्ट झाली नाही म्हणून इमर्जन्सी ऑपरेशन किंवा डिलिव्हरी थांबवायची नाही आणि टेस्टची सोय नाही म्हणून पेशंटला दुसरीकडे पाठवायचं नाही. कोणी "आधी रिपोर्ट आणा, मग बघू" म्हणालं तर शांतपणे हे सांगा.

टप्पा ३: कुठे मिळेल ते शोधा, घरातून निघण्याआधी

इथे सगळ्यात जास्त पायपीट होते, कारण लोक आधी निघतात आणि मग विचारतात. तापात रिक्षाने तीन ठिकाणी फिरायचं, प्रत्येक ठिकाणी रांगेत खोकायचं आणि शेवटी "आज टेस्ट नाही" ऐकायचं, हे एका फोनने टळतं.

पहिलं म्हणजे आपण कुठल्या महापालिकेत राहतो ते नीट बघा. कळवा, मुंब्रा, कौसा, दिवा हे सगळं ठाणे महापालिकेत आहे. घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे मीरा-भाईंदर सुरू होतं. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका. पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग पत्त्यात नवी मुंबई लिहीत असलो तरी पनवेल महापालिकेत येतो. खारघरचे लोक बेलापूर-वाशीला जातात आणि त्यांची माहिती, फॉलोअपचा फोन, सगळं भलत्या वॉर्डाकडे जातं. इमर्जन्सीत हद्द बघायची नाही, जवळचं हॉस्पिटल गाठायचं, पण साध्या टेस्टसाठी आपल्याच महापालिकेच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा.

सरकारी बाजूला पहिलं ठिकाण म्हणजे घराजवळचं नागरी आरोग्य केंद्र. तिथे टेस्ट होत नसेल तर कुठे पाठवतात हे तिथल्या नर्सना किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंना पक्कं माहीत असतं. मोठ्या ठिकाणी जायचं झालं तर ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरुळचं माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय. सकाळी ओपीडीच्या वेळेत जा, आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर न्या, केसपेपर काढताना खिडकीवरच "ताप-खोकला आहे, कोरोना टेस्ट हवी" असं सांगा म्हणजे चुकीच्या रांगेत अर्धा दिवस जाणार नाही.

मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्याचाच द्या. आजी-आजोबांसाठी शेजारच्या मुलाचा नंबर दिला जातो, ओटीपी आणि रिपोर्ट त्याच्याकडे जातो आणि तो असतो कॉलेजात.

प्रायव्हेट लॅब असेल तर फोनवर हे विचारून घ्या आणि उत्तरं लिहून ठेवा:

सॅम्पल आज घेणार का, आणि रिपोर्ट किती तासांत? फक्त कोरोनाची आरटीपीसीआर आहे की अनेक व्हायरसचं पॅनल? (पॅनलचं बिल हजारोंच्या घरात जातं आणि साध्या तापाला ते बहुतेक वेळा लागत नाही.) घरी येऊन घेतलं तर व्हिजिटचे वेगळे किती? रिपोर्ट एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा असेल ना? प्रवासासाठी हवा असेल तर त्यावर पासपोर्ट नंबर आणि क्यूआर कोड येईल का?

दराचा अंदाज असावा म्हणून सांगतो, डिसेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने आरटीपीसीआरचे दर ठरवले होते ते कलेक्शन सेंटरवर ३५० आणि घरून सॅम्पल नेल्यास ७०० रुपये. आज कोणी याच्या कितीतरी पट सांगत असेल तर त्यात नक्की काय-काय धरलंय ते विचारा, बऱ्याचदा मधे पॅनल घुसवलेलं असतं.

घरचं किट मेडिकलमध्ये मिळतं पण साथ नसताना दुकानदार कमी ठेवतात, तेव्हा आधी फोन करा. नसेल तर ऑनलाइन फार्मसीवरून मागवा. हातात आल्यावर पैसे देण्याआधी चार गोष्टी बघा: एक्सपायरी, एमआरपी, पाकिटाचं सील, आणि नाकाच्या स्वॅबचं (टोकाला कापूस असलेल्या काडीचं) आहे ना ते. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ हे आयसीएमआरने मान्य केलेलं देशातलं पहिलं सेल्फ किट, मे २०२१ चं, त्यानंतर इतर कंपन्यांचीही आली. आतला माहितीचा कागद वाचता येईल अशा भाषेत आहे का तेही बघा.

चेक: निघण्याआधी हातात काय हवं? लक्षणांची तारीख, आधार, मोबाइल, मास्क, आणि ज्या ठिकाणी जाताय तिथल्या माणसाने फोनवर दिलेला होकार. हे नसेल तर निघू नका.

टप्पा ४: घरी किट वापरताना

इथे घाई केली की सगळं वाया. शांतपणे वीस-पंचवीस मिनिटं काढा, मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा, टीव्ही बंद करा.

१. माहितीचा कागद आधी पूर्ण वाचा. मागच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं किट वापरलं होतं म्हणून तेच थेंब, तीच मिनिटं असं धरू नका. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

२. टेबल पुसून कोरडं करा, हात साबणाने धुऊन नीट कोरडे करा. नाक भरलेलं असेल तर आधी शिंकरून घ्या आणि परत हात धुवा.

३. पाऊच अगदी शेवटी फोडा. हे जून ते सप्टेंबर आपल्याकडे फार महत्त्वाचं. पाऊचमध्ये ओलावा शोषणारी छोटी पुडी असते ती उगाच नसते, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कार्ड उघडं ठेवून फोनवर बोलत बसलात तर ते ओल धरतं.

४. घरात दोघा-तिघांची टेस्ट असेल तर कार्डाच्या कडेला पेनाने नाव लिहा. तीन कार्डं शेजारी-शेजारी ठेवली आणि एकावर दोन लाइन आल्या, आता ते कार्ड बाबांचं की काकांचं यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

५. ट्यूब सरळ उभी ठेवा, सांडू नका. स्वॅबच्या कापसाला बोट लावू नका, टेबलावर टेकवू नका.

६. आता नाक. कोविसेल्फसारख्या किटमध्ये स्वॅब २ ते ४ सेंटीमीटर आत घालायचा आणि आतल्या भिंतीला टेकवून ५ वेळा गोल फिरवायचा, मग तोच स्वॅब दुसऱ्या नाकपुडीत, परत ५ वेळा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एकाच नाकपुडीतून घेतात, नुसतं दाराशी फिरवतात, किंवा स्वॅब हवेतच फिरतो आणि भिंतीला लागतच नाही. थोडं गुदगुल्यासारखं होईल, डोळ्यात पाणी येईल, शिंक येईल, ते ठीक. दुखायला लागलं तर जोर करू नका. नाकातून रक्त येत असेल तर आज करू नका.

नाकाचं किट घशात वापरू नका. इंटरनेटवर कोणीतरी सांगतं म्हणून लोक करतात, पण कंपनीने ते तसं तपासलेलं नसतं.

७. स्वॅब ट्यूबमधल्या पाण्यात नीट बुडवून फिरवा, कागदावर जितक्या वेळा लिहिलंय तितक्या वेळा, आणि ट्यूब बाहेरून चिमटीत दाबा म्हणजे कापसातलं सगळं खाली उतरेल. मग खुणेपाशी स्वॅब तोडा, झाकण घट्ट लावा.

८. कार्ड सपाट जागेवर, मग थेंब. कोविसेल्फमध्ये २. तुमच्या किटवर ३-४ लिहिले असतील तर तितके. "दोन जास्त टाकले तर जास्त पक्कं होईल" असं नसतं, जास्त पाण्याने लाइन वाहून जाते आणि कमी पडलं तर पुढे सरकतच नाही. ट्यूब उभी धरून एकेक थेंब सोडा, बुडबुडा पडला तर तो थेंब धरू नका.

९. फोनवर टायमर लावा. अंदाज नको.

लहान मुलांची टेस्ट मोठ्यांनीच करायची, मुलाला मांडीवर घेऊन एकाने डोकं धरायचं आणि दुसऱ्याने स्वॅब. किती वर्षांच्या पुढे चालतं आणि स्वॅब किती आत घालायचा हे कागदावर वाचून घ्या.

थांबा: थेंब टाकल्यावर कार्ड उचलून उजेडात तिरकं करून बघू नका, हलवू नका.

टप्पा ५: लाइन वाचणं

कोविसेल्फचा रिझल्ट १५ मिनिटांनी बघायचा आणि २० मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही. पॉझिटिव्ह लवकरही दिसू शकतं, पण निगेटिव्ह म्हणायला पूर्ण १५ मिनिटं थांबावंच लागतं. पाचव्या मिनिटाला एक लाइन बघून कार्ड कचऱ्यात टाकणारे खूप आहेत.

कार्डावर सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट) अशा दोन खुणा असतात, दोन्हीकडे लाइन म्हणजे पॉझिटिव्ह. टीची लाइन कितीही फिकी असो, वेळेच्या आत रंगीत लाइन दिसली तर ती पॉझिटिव्हच. "अगदी पुसट आहे म्हणजे थोडासाच झालाय" असं काही नसतं. फक्त सी म्हणजे निगेटिव्ह. सीच आली नाही तर टेस्ट फुकट गेली, टीवर लाइन असली तरी, नवीन किट घ्या.

तासाभराने कचऱ्यातून कार्ड काढून परत बघितलं आणि राखाडी रेघ दिसली म्हणून घाबरू नका. वाळताना अशी रेघ उमटते. म्हणूनच वेळ झाली की लगेच फोटो काढा, फोटोत वेळ राहते आणि डॉक्टरांना दाखवता येतो. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कोणाचाही फोटो नाव लिहून टाकू नका, स्वतःचा टाकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा पण दुसऱ्याचा आजार जाहीर करणं बरोबर नाही.

कार्ड, स्वॅब, ट्यूब किटमधल्या पिशवीत घालून ती बंद करा, वर आणखी एक पिशवी, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्या. घंटागाडीवरची माणसं कचरा हाताने वेगळा करतात, त्यांना सांगून द्या की यात काय आहे. मग हात धुवा.

लॅबच्या माणसाला स्वॅब देताना

थोडक्यात. अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नका, तंबाखू-मिश्री अजिबात नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा. ट्यूबवरच्या लेबलवर तुमचं नाव, वय बरोबर आहे का ते त्याच्यासमोर वाचा. घरी माणूस येणार असेल तर खिडकीजवळ खुर्ची ठेवा, बाकीचे आत. डोकं मागे टेकवून बसा, काही सेकंदांचं काम असतं.

टप्पा ६: निगेटिव्ह आली तर

घरच्या किटची एक निगेटिव्ह म्हणजे सुट्टी नाही. लक्षणं असतील तर ४८ तासांनी दुसरं किट वापरा, म्हणून दोन ठेवायला सांगितली होती. किंवा सरळ आरटीपीसीआर करा, आयसीएमआरचंही म्हणणं तेच आहे की लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआरने खात्री करून घ्यावी. लक्षणं नाहीत पण संपर्क झालाय तर दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीनदा करावी लागू शकते. गणपतीला गावी जायचंय, घरी ऐंशीच्या आजी आहेत, तर आठवडाभर आधीची निगेटिव्ह काही कामाची नाही, निघायच्या दिवशी सकाळी करा आणि अंगात कणकण असेल तर निगेटिव्ह असूनही जाऊ नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळ्यात कोरोना निगेटिव्ह आली की तपास तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे सगळे एकाच वेळी फिरत असतात आणि पहिल्या दोन दिवसांत ताप सारखाच दिसतो. लोक दोन-दोनदा कोरोना टेस्ट करत बसतात आणि डेंग्यूचे दिवस निघून जातात. सर्दी-खोकला नाही, नुसता ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ, थंडी वाजून ताप, असं काही असेल तर डॉक्टरांकडे जाऊन सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), मलेरियाची रक्ततपासणी आणि डेंग्यूची एनएस-१ करून घ्या. एनएस-१ साधारण पहिल्या पाच दिवसांतच नीट पकडते, नंतर डेंग्यूची आयजीएम (अँटिबॉडीची टेस्ट) करावी लागते, बघा, टप्पा १ मधली तारीख इथे परत लागली. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, लेप्टोचा संशय त्यावरून येतो.

थांबा: डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टप्पा ७: पॉझिटिव्ह आली तर

परत खात्री करायला टेस्ट नको. किटवर नीट पॉझिटिव्ह आली म्हणजे आली, त्यावर आरटीपीसीआर करत बसू नका. तसंच बरं झाल्यावर "निगेटिव्ह येईपर्यंत" आरटीपीसीआर करणंही चुकीचं, मेलेल्या व्हायरसचे तुकडे नाकात कित्येक आठवडे सापडतात आणि ती पॉझिटिव्ह येत राहते. ऑफिसवाले निगेटिव्ह रिपोर्ट मागत असतील तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट द्या.

त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करा, पहिल्या लक्षणाची तारीख सांगा. साठीच्या पुढचे, शुगर-किडनीवाले, कॅन्सरची ट्रीटमेंट घेणारे, यांनी तर उद्यावर ढकलूच नका, कारण डॉक्टरांनी अँटिव्हायरल द्यायचं ठरवलं तर ते लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करायचं असतं. मेडिकलवाल्याकडून अ‍ॅझिथ्रो किंवा स्टेरॉइड आणून घेऊ नका. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइडने नुकसानच होऊ शकतं.

वेगळं राहणं, जानेवारी २०२२ च्या आरोग्य मंत्रालयाच्या होम आयसोलेशनच्या सूचनांप्रमाणे किमान ७ दिवस आणि शेवटचे सलग ३ दिवस ताप नसणं. आता सगळ्यांकडे वेगळी खोली असते असं नाही, वन आरकेमध्ये पाच माणसं राहतात. अशा वेळी खिडकी आणि दार उघडं, एक्झॉस्ट चालू, पेशंटला खिडकीच्या बाजूला झोपवा, पेशंट आणि त्याची काळजी घेणारा दोघांनीही मास्क, जेवण एकत्र बसून नको कारण तेव्हाच मास्क निघतात. आजी-आजोबांना शक्य असेल तर काही दिवस दुसऱ्या घरी ठेवा, पण त्याआधी त्यांचीही टेस्ट करा, नाहीतर आजार तिकडे जाईल. कामवाल्या मावशींना सुट्टी द्या, पगार न कापता.

ऑक्सिमीटर दिवसातून तीन-चार वेळा. नेलपॉलिश, मेंदी नसलेलं बोट, हात गार असेल तर चोळून गरम करा, बसून, मिनिटभर हात न हलवता. तासाभरात तीन वेळा बघूनही ऑक्सिजन ९३ किंवा खाली, श्वास लागणं, छातीत दाब, गोंधळल्यासारखं बोलणं, तीन दिवसांनंतरही १०० च्या वरचा ताप, यातलं काहीही दिसलं तर पुढची टेस्ट, पुढचा रिपोर्ट कशाचीही वाट बघू नका. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १०४. फोनवर पत्ता सांगताना बिल्डिंगचं नाव, जवळची खूण, लिफ्ट आहे की नाही आणि पेशंट चालू शकतो का हे आधी सांगा, आणि एकाला खाली गेटवर उभं करा.